कानतुट्याच्या नावाचा बार

फणसवाडीच्या तोंडाशी हेरंबरावांचं बंदुकांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत काचेची कपाटं, पांढरी गादी आणि हेरंबरावांचं साखरेसारखं बोलणं. मागच्या खोलीत कोंडीराम. बंदुकीला लाकडी दस्ता बसवणं हे त्याचं काम आणि येईल त्याच्यावर खेकसणं हा त्याचा स्वभाव. गिऱ्हाईक एखादा संस्थानिक असो नाहीतर कोकणातला खोत, बंदूक हातात आली की कोंडीराम आधी नळीत लोखंडी गज सोडायचा. गज तळाला टेकून खण्ण वाजला तर ठीक. तो चार बोटं वर राहिला, म्हणजे आत बार ठासलेला निघाला, तर त्या माणसाची धडगत नसायची. "घरी बायकापोरं आहेत ना रे तुला? का नकोशी झालीत?" असं त्यानं एका खोताला भर दुकानात विचारलं होतं. हेरंबराव बाहेरून नुसते खाकरले. कोंडीरामला गप्प करण्याची त्यांची छाती नव्हती.

बंदुकांचे आवाज ऐकून ऐकून त्याचा उजवा कान गेलेला, त्यामुळे त्याचं साधं बोलणंही भांडणासारखं वाटे. परळच्या चाळीत तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्यानं शेजारी मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरच्या बायका मीठ काढून ठेवायच्या. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर त्याचं जे काही घरपण उरलं ते शेजारच्या खोलीत. तिथं मालन राहायची. गिरणीत कांड्या भरणारी विधवा बाई, बोलायला कमी आणि हाताला जड. तिचा एकुलता एक दौलत कोंडीरामच्या खांद्यावर बसून मोठा झाला होता. आता तो वीस-एकवीस वर्षांचा उंचनिंच गडी, गिरणीत घडीखात्यात लागलेला, संध्याकाळी सभांना जाऊन घसा बसवून येणारा. "कोंडूकाकाचा आवाज मला दिला असता देवानं, तर लाऊडस्पीकर लागला नसता," असं तो म्हणायचा, आणि कोंडीराम त्याला चप्पल फेकून मारायचा. नेम कधी लागत नसे, आणि तो लावायचाही नसे.

छप्पन साल उजाडलं आणि कोंडीरामची वहिनी शेवंती गावाहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली. काखेत वाकळीत गुंडाळलेली ठासणीची बंदूक आणि कमरेला लायसनचा कागद. नवरा गेल्यावर मामलेदाराकडे वर्षभर खेटे घालून तिनं ते आपल्या नावावर करून घेतलं होतं. एक लायसन, एक बंदूक. जुनी दुकानात जमा करायची आणि नवी न्यायची, एवढ्याचसाठी ती आली होती.

तिचा नवरा दगडू म्हणजे कोंडीरामचा थोरला भाऊ. चौपन्न साली भात कापणीला आलं असताना शेताच्या बांधावर त्याला डुकरानं मारला. दगडूनं बार टाकला, तो डुकराचा एक कान फाडून गेला. दुसरा बार ठासायला सवड कुठली? दारू ओता, चिंधी कोंबा, शिसं सोडा, गजानं ठोका. तो चिंधी कोंबत असतानाच डुक्कर आलं. सुळा मांडीत घुसवून त्यानं वर ओढला. शेवंतीनं कोयतीनं त्याच्या पाठीवर घाव घातले तेव्हा कुठं ते रानात शिरलं. दोन्ही हातांनी आणि अंगावरच्या लुगड्यानं तिनं ती जखम दाबून धरली, पण रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिलं. दगडूनं पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत त्याला ते लागेनासं झालं होतं.

ते डुक्कर अजून जिवंत होतं. गावात त्याला कानतुट्या म्हणायचे. यंदा त्यानं शेवंतीचं अर्धं भात लोळवलं होतं आणि म्हशीचं पारडू उभं फाडलं होतं. पुढची कापणी कानतुट्याच्या हयातीत करायची नाही, असं ती बोटीतच ठरवून आली होती.

कोंडीरामनं जुनी बंदूक हातात घेतली. दगडूच्या घामानं दस्ता काळा पडला होता. त्यावरून अंगठा फिरवताना त्याचे डोळे भरून आले आणि ते कुणी बघू नये म्हणून त्यानं घाईनं ती खुंटीला अडकवली. गज घातला नाही. घरची बंदूक, भावाची बंदूक. तिला काय गज घालायचा! जगातल्या कुठल्याही माणसाला त्यानं ही सवलत दिली नसती.

हेरंबरावांनी गादीवर एकेक रायफल मांडली. "बाईमाणसाला ही टू-टू बरी. हलकी आहे, दणका नाही."

"सशाची आहे ती!" आतून कोंडीराम ओरडला. "डुकराला फार तर खाज सुटेल."

मग दुनळी बारा बोअर आली. गोळीचं काडतूस घाला, डुक्कर मारा. छरे घाला, रानकोंबडा मारा. हेरंबराव रंगात आले होते. शेवंतीनं विचारलं, "किती लांबचं मारील?"

"चाळीस पावलं म्हणा. तेवढ्यात भरवसा."

"तेवढ्या जवळनं मी त्याला एकदा बघितलाय," शेवंती म्हणाली आणि तिनं ती बंदूक बाजूला सारली.

मोठ्या बोअरची विलायती रायफल तिनं खांद्याला लावली तर नळी खाली गेली. हत्ती-गव्यासाठीचं ते धूड होतं. "ही आधी मला मारील," ती म्हणाली. तेव्हा कोंडीराम उठून बाहेर आला, कपाटातून थ्री-फिफ्टीन काढली आणि तिच्या पुढ्यात धरली. एका वेळी पाच काडतुसं आत, खटका ओढला की दुसरं वर. डुकराला पुरते, बिबट्याला पुरते, भेकराला जरा जास्तच होते. आणि मार चांगला दीड-दोनशे पावलांचा.

"दुसरा बार किती वेळात?" तिनं विचारलं.

त्यानं रिकाम्या रायफलीचा खटका मागं ओढून पुढं ढकलला.

"परत करा, भावजी. मी सांगीपर्यंत करत राहा."

शेवंतीनं डोळे मिटले. कोंडीराम खटका ओढत राहिला आणि दुकानात तेवढाच आवाज होत राहिला. ती मनात काय मोजते आहे हे हेरंबरावांना कळेना. कोंडीरामला कळलं. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढं दगडूचा बार सुटला होता आणि डुक्कर बांधावरून निघालं होतं. एकाएकी तिचा हात मांडीवर गेला आणि तिनं डोळे उघडले.

"होतील," ती म्हणाली. "तेवढ्यात दोन होतील. हीच द्या."

मग तिनं बोट लावून विचारलं, "रस्त्यात पोलिसांकडे होती, ती हीच ना?"

"नाय. त्यांची थ्री-नॉट-थ्री. ती आपल्याला मिळत नाय."

"तिनं काय मारतात?"

"माणसं," कोंडीराम म्हणाला.

दस्ता तिला लांब होत होता. कोंडीरामनं तिला उभं करून माप घेतलं तर ती म्हणाली, मी मारणार शेतातल्या माळ्यावर बसून, गुडघा वर घेऊन. माप उभ्यानं कशाला? आणि तिथंच जमिनीवर तशी बसली. कोंडीराम पुटपुटला, पण त्यानं माप पुन्हा घेतलं. दस्ता कापायचा, टोकाला रबराची जाड गादी लावायची, मग तेलपाणी. खरेदीची नोंद हेरंबरावांनी लगेच करून टाकली.

ते काम हातात असतानाच रेडिओनं सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहणार. त्या रात्रीपासून शहर पेटलं. गिरण्या बंद, ट्रामगाड्या बंद, रस्त्यांवर दगडांचा खच. लालबागला गोळीबार, गिरगावात गोळीबार. गॅलरीत उभ्या असलेल्या माणसांना गोळ्या लागल्या, दूध आणायला गेलेल्यांना लागल्या. हेरंबरावांनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि दादरला आपल्या घरात जाऊन बसले. हत्यारांची दुकानं आता सील होणार, अशी बोलवा होती. एकदा सील लागलं की शेवंतीची रायफल आतच अडकली असती, आणि पेरणीआधी ती सुटेल याची हमी कोण देणार? म्हणून कोंडीराम आणि शेवंती उजाडता उजाडता परळहून चालत निघाले आणि मागच्या दारानं दुकानात शिरले. आज दस्ता पुरा करायचा आणि रायफल घेऊन बाहेर पडायचं.

दुपारपर्यंत बाहेरचा गलका वाढत गेला. कोंडीराम कानस चालवत होता आणि प्रत्येक आरोळीसरशी सरकारला एक शिवी हासडत होता. शेवंती मागच्या वाडीतल्या नळावर पाणी आणायला गेली. तेवढ्यात मागचं दार ढकलून दौलत आत आला. शर्ट फाटलेला, डोळे लाल, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा.

"काका, अख्खं गिरगाव रस्त्यावर आलंय! आणि तू इथं लाकूड घासत बसलायस?" त्याची नजर खुंटीवर गेली. "ही दे ना. नुस्ती खांद्यावर टाकतो. चौकापर्यंत मिरवतो आणि आणून देतो."

"थोबाड फोडीन! बंदूक म्हणजे काय गणपतीतलं सोंग आहे?"

"असली जुनाट! हिला बघून पोलीस हसतील. रिकामीच आहे ना?"

इथं कोंडीराम चुकला. त्याचं डोकं रेडिओवरच्या त्या बातमीपासून तापलेलं होतं. आपण म्हातारे, आत बसून लाकूड घासतोय, हे पोरानं बोलून दाखवलेलं त्याला लागलं होतं. आणि ती बंदूक रिकामी आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्यानं स्वतःच ती खुंटीवरून काढून दिली. "रिकामीच आहे. पण नळी आभाळाकडे ठेव, गाढवा. आणि लगेच परत ये."

दौलत गेला. शेवंती कळशी घेऊन आली, तिनं खुंटी पाहिली आणि कळशी तिच्या हातातून सुटली.

"भावजी, बंदूक कुठाय?"

"दौलतनं नेली मिरवायला. रिकामी तर आहे."

"रिकामी कशी असेल? नावाचा बार आहे तिच्यात!"

गावची ती रीत कोंडीरामला लहानपणापासून ठाऊक होती, म्हणूनच शेवंती वेगळं काही बोलली नव्हती. जनावरानं माणूस मारला की बाराव्याच्या दिवशी त्या माणसाच्या बंदुकीत त्या जनावराच्या नावाचा बार ठासायचा. तो दुसऱ्या कशावर उडवायचा नाही आणि ते जनावर मरेपर्यंत काढायचा नाही. मुंबईत इतकी वर्षं राहून तो ते विसरला होता. दगडूसाठी शेवंतीनं ते केलं असणारच, एवढा साधा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. गज घातला असता तर तो सहा बोटं वर राहिला असता.

तो तसाच अनवाणी धावला. गल्लीच्या तोंडाशी जमाव होता, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" चालू होतं, आणि समोर लोखंडी टोप घातलेले हत्यारी पोलीस गुडघ्यावर बसलेले. दौलत सगळ्यांच्या पुढं, खांद्यावर बंदूक, नळी सांगितल्याप्रमाणे आभाळाकडे. घोड्याखाली ठिणगी पाडणारी केप नव्हती, बंदूक आपोआप उडणार नव्हती, हे कोंडीरामला त्या क्षणी सुचलंच नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्यानं लोकांना शिव्या घातल्या तीच त्याच्या पोराच्या कानाशी होती. त्यानं आपल्या त्या आवाजात, जो चाळीच्या तीन मजल्यांना पुरायचा, हाक मारली.

"दौलत! ठासलेली आहे! बंदूक ठासलेली आहे!"

ते गल्लीनं ऐकलं आणि पोलिसांनीही ऐकलं. दौलत काकाचा आवाज ओळखून वळला. वळताना खांद्यावरची नळी खाली आली आणि फिरत पोलिसांच्या समोरून गेली.

गोळ्या सुटल्या. पहिली दौलतच्या गळ्याखाली लागली, दुसरी बरगडीत. मागं उभा असलेला पानवाला कानावर हात ठेवून खाली बसला आणि परत उठला नाही. लोक एकमेकांना तुडवत पळाले, पोलीस त्यांच्यामागं चौकाकडे धावले. गल्लीत चपला, टोप्या आणि दौलत उरला. कोंडीरामनं त्याला काखेत हात घालून ओढत दुकानात आणलं आणि दस्ते घासायच्या बाकावर ठेवलं. लाकडाचा भुसा लाल होऊन त्याचा लगदा झाला. दौलतला काही बोलायचं होतं, पण गळ्यातून नुसता बुडबुड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं तोही थांबला. शेवंती गल्लीतून आपली बंदूक उचलून दारात उभी होती. तिनं दुसऱ्यांदा एका माणसाला असा रिकामा होताना पाहिलं.

कोंडीराम उठला. त्यानं शेवंतीची रायफल घेतली, पेटीतली काडतुसं आत दाबली आणि दुकानाच्या माळ्यावर चढला. तिथल्या छोट्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसायचं. पोलीस परत येत होते. त्यानं दस्ता खांद्याला लावला. वहिनीच्या मापाचा होता, त्याला आखूड पडत होता, पण एवढ्या अंतरावर चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

शेवंती शिडी चढून वर आली. तिनं रायफल धरली नाही, त्याला हात लावला नाही.

"कोणाच्या नावानं?" तिनं विचारलं.

"बाजूला हो, वैनी."

"होते. पण बार नावाचा असतो, भावजी. ह्यांतला कोण, ते सांगा आणि टाका."

कोंडीरामनं नळीवरच्या माशीवरून नेम धरून पाहिलं. एक पोलीस नाक पुसत होता. एक पाठ भिंतीला टेकून पाणी पीत होता. एकाची मिशी दगडूसारखी होती. गोळी कुणाची ते त्याला कळेना. आणि मग ज्या एकाचं नाव त्याला ठाऊक होतं, ओरडणाऱ्याचं, ते त्याच्या डोक्यात आलं, आणि रायफलीची नळी खिडकीच्या चौकटीवर टेकली. त्यानं एकेक काडतूस बाहेर काढलं. एक हातातून निसटून शिडीवरून खाली घरंगळत गेलं.

त्याच खोलीत, दौलतच्या पायाशी बसून, त्यानं जुन्या बंदुकीच्या नळीत पाणी ओतलं आणि गजाला मळसूत्र लावून नावाचा बार बाहेर ओढला. आधी दगडूच्या धोतराची चिंधी आली, मग शिशाचे तुकडे, मग काळा चिखल. शिसं त्यानं चिंधीत बांधून शेवंतीला दिलं. "तो मेला की त्याच्या जखमेत कोंब," तो म्हणाला. ते बोलणं तिला जेमतेम ऐकू आलं, इतक्या हळू तो बोलला.

दौलतला पोलीस बंदोबस्तात अग्नी दिला. बोटी सुरू झाल्या तशी शेवंती रायफल घेऊन गावी गेली. आणि परळच्या चाळीत एक गोष्ट पसरली. गल्लीत पोलिसांचा एक खबऱ्या होता, तो ओरडला, म्हणून पोरगा गेला. माणसं त्या खबऱ्याला शोधत होती. एका निरपराध फेरीवाल्याला संशयावरून दात पडेपर्यंत मारलंसुद्धा. कोंडीराम हे सगळं ऐकायचा आणि खोलीत जाऊन दार लावायचा. त्याचा आवाज कुणाच्या कानी पडेनासा झाला. लोक म्हणाले, पोराचं दुःख.

शिमग्याला गावचा एक माणूस फडक्यात बांधलेलं मटण घेऊन आला. मीठ लावून सुकवलेलं, सोबत एक पिवळा सुळा. शेवंतीचा निरोप होता: कानतुट्या दुसऱ्या बाराला पडला, शिसं जखमेत कोंबलं, आणि हा बंदुकीचा वाटा. शिकारीत बंदुकीला वाटा असतो, तो बंदूक देणाऱ्याला जातो, म्हणून पाठवला आहे.

कोंडीराम ते फडकं घेऊन शेजारच्या खोलीत गेला. मालन चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं तिला कानतुट्याचं, नावाच्या बाराचं सांगितलं.

"तिचं जनावर सापडलं," मालन म्हणाली. "बरं झालं. मला पोलिसाचं नाव नको, दादा. तो हुकमाचा ताबेदार. मला तो ओरडणारा पाहिजे."

"मीच तो," कोंडीराम म्हणाला. "बंदूक मी दिली, आणि ओरडलोही मी. त्यानं मागं फिरावं म्हणून ओरडलो."

मालननं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. शर्ट पेटला. तिनं पुन्हा घातलं, पुन्हा घातलं. गळ्यापाशी हाड मोडल्याचा आवाज आला. ठिणग्या तिच्या हातांवर, केसांत उडत होत्या. कोंडीराम हात खाली सोडून उभा राहिला. चाळ धावत आली तेव्हा त्यानं मान हलवून सगळ्यांना दारातच थांबवलं. लाकूड मोडलं तेव्हा ती थांबली आणि तिथंच, मटणाच्या फडक्याशेजारी, बसून रडायला लागली. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

हाड वाकडं जुळलं. कोंडीरामचा उजवा हात त्यानंतर छातीच्या वर गेला नाही. दुकानात तो डाव्या हातानं गज घालायचा, आणि तो चार बोटं वर राहिला तरी माणसाला शिवी न देता नुसता त्याच्याकडे बघायचा. खोत मंडळींना ते शिव्यांपेक्षा जड जायचं. मालन त्याच्याशी बोलत नव्हती. खोली मात्र तिनं बदलली नाही, त्यानंही नाही.

साठ सालच्या एक मे रोजी परळमध्ये घराघरावर दिवे लागले. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. चाळीच्या चौकात ढोल, गुलाल, पोरं नाचत होती. मालन सगळ्या मजल्यांवर पेढे वाटत आली आणि शेवटी कोंडीरामच्या दारात उभी राहिली. त्यानं डावा हात पुढं केला. तिनं पेढा दिला नाही.

"ओरड," ती म्हणाली. "आता ओरड की. सगळे ओरडतायत."

तो गॅलरीच्या कठड्यापाशी गेला. घोषणा त्याला येत होती, सगळ्यांना येत होती. त्यानं तोंड उघडलं आणि चार वर्षं न वापरलेला तो आवाज बाहेर आला.

"दौलत!"

चौकातला ढोल थांबला. खालची माणसं वर बघायला लागली. मालननं कोंडीरामचा डावा हात ओढून त्यावर पेढा ठेवला आणि ती आपल्या खोलीत गेली.